कोजागिरीला छायाबाहुल्यांचा खेळ : आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र पाहावा असा कसा करावा?

राजारामपुरीकर

कोल्हापुरातल्या आमच्या वसाहतीत कोजागिरीला गच्चीवर दूध आटवले जाते, ध्वनिवर्धकावर गाणी वाजतात आणि बाराच्या आत सगळे आपापल्या घरी जातात. या वर्षी गाण्यांऐवजी छायाबाहुल्यांचा, म्हणजे पडद्यामागे दिवा लावून बाहुल्यांच्या सावल्या दाखवण्याचा खेळ ठेवावा, असा विचार काही जणांनी मांडला आहे. समितीतील एका सभासदाने मात्र लगेच सुचवले की, हा खेळ फक्त मुलांसाठी संध्याकाळी सात वाजता उरकून घ्यावा आणि मोठ्यांचा कार्यक्रम नंतर वेगळा करावा.

मला हे पटलेले नाही. ज्या कलेसमोर गावेच्या गावे रात्रभर बसत होती, तिला आपण वाढदिवसाच्या जादूगाराशेजारी नेऊन बसवले आहे, असे माझे मत आहे. तरीही चार वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी एकाच सतरंजीवर बसणार असतील, तर कथा कोणती असावी, खेळ किती वेळ चालावा, बाहुल्या कातड्याच्या हव्यात की पुठ्ठ्याच्या चालतील, आणि मुळात हे आपण स्वतः करावे की कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील बाहुल्यांच्या कलाकारांना बोलवावे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

कुडाळची_लेक

माझे माहेर कुडाळचे असल्यामुळे पिंगुळीबद्दल लिहिते. कुडाळच्या दक्षिणेला लागूनच हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तिन्ही कला टिकवल्या असून त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाल्यानंतर अनेकांना हे गाव कळले. त्यांनी त्याच्या पुष्कळ आधी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभे केले होते. कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवलीमार्गे सकाळी निघालात तर सगळे पाहून रात्री घरी परतता येते.

बाहुली हातात घेतल्यावर तिचे पातळपण जाणवते. तिच्या कडा कापलेल्या असतात, आणि दागिने, वस्त्राची किनार, मुकुटाची नक्षी हे सारे रंगाने नव्हे, तर बारीक छिद्रांनी दाखवलेले असते. दिवसा उजेडात ती छिद्रे नजरेत भरत नाहीत. पडद्यामागे दिवा लागला की त्याच छिद्रांतून उजेड येतो आणि गळ्यातला हार चमकू लागतो. पुठ्ठा कापून काळी सावली पाडणे हा निराळा, तोही आनंदाचा खेळ आहे. पण या दोहोंना एकच समजू नये.

जुना_पेठकर

छायाखेळाला अंधार लागतो आणि आपण मुहूर्त निवडला आहे कोजागिरीचा. चंद्राला वसाहतीतर्फे नोटीस पाठवली आहे काय?

भौतिकशास्त्रवाले_सर

पेठकर, चंद्राला दोष देऊ नका. पूर्ण चंद्राचा प्रकाश पडद्यामागच्या साध्या दिव्यापुढेही नगण्य असतो. खरा शत्रू आहे तो रस्त्यावरचा पांढरा दिवा आणि जिन्याच्या तोंडाशी कायम जळणारा बल्ब. ते दोन्ही आड केले तर कोजागिरीला खुशाल खेळ करावा.

राजारामपुरीकर, पडद्यामागे नळीचा दिवा किंवा एलईडीची लांब पट्टी लावू नका. लांब दिव्याच्या प्रत्येक बिंदूतून वेगळी सावली पडते आणि त्या एकमेकींवर येऊन कडा पुसट होतात. एकच लहान, प्रखर दिवा वापरावा. बाहुली कापडाला टेकलेली असली की सावली धारदार व मूळ आकाराची येते, आणि ती दिव्याकडे सरकवली की सावली वाढत जाते. दिवा पडद्यापासून 6 फुटांवर आणि बाहुली बरोबर मध्ये, म्हणजे 3 फुटांवर धरली तर सावली दुप्पट होते. दिव्यापासून 2 फुटांवर धरली तर तिप्पट.

गच्चीवर दुसरी अडचण वाऱ्याची आहे. कापड फडफडले की रामाच्या पोटाला लाटा येतात. त्यामुळे कापडाची खालची कड बांबूला ताणून बांधावी आणि वरची बाजू प्रेक्षकांकडे किंचित झुकवावी, म्हणजे मागून टेकवलेली बाहुली आपल्याच वजनाने कापडावर विसावते आणि चालवणाऱ्याचा हात लवकर भरून येत नाही.

पोथीवाला

इतिहासाचा एक दुवा जोडतो, कारण ही कला आपल्याकडे बाहेरून आली, असे बोलण्याची पद्धत पडली आहे. महाभारताचे प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे सतराव्या शतकातील, गोदाकाठच्या कोपरगावचे. त्यांची हयात काशीत गेली. शांतिपर्वात निरनिराळे व्यवसाय सांगताना एक शब्द येतो, त्यावर ते लिहितात की, दक्षिणेकडील लोकांत हा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यात पातळ वस्त्र आडवे धरून चामड्याच्या आकृतींनी राजे, अमात्य इत्यादींचे वर्तन दाखवतात. मूळ महाभारतातील शब्दाचा अर्थ तोच होता की नाही, यावर वाद घालता येईल; परंतु नीलकंठांच्या काळी हा खेळ एका मराठी पंडिताच्या चांगल्या परिचयाचा होता, एवढे यावरून निश्चित दिसते.

दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. कर्नाटकात या खेळाला तोगलु गोंबेयाट म्हणतात आणि तो परंपरेने किळ्ळेक्यात समाजाकडे आहे. खेळ कानडीत होतो, पण या समाजाच्या घरात मराठी वळणाची बोली बोलली जाते. तमिळनाडूतील चामडी बाहुल्यांचे कलाकारही असेच मराठी वळणाची बोली बोलणारे असून, तंजावरच्या मराठा राज्याच्या काळात त्यांचे पूर्वज तिकडे गेले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेला पार तंजावरपर्यंत पडद्यामागे मराठीचा वावर राहिला आहे आणि आपण मात्र हा खेळ परका समजतो. कोप्पळ जिल्ह्यातील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या 96 वर्षांच्या होत्या. कोप्पळ आपल्यापासून फार लांब नाही.

मतभेद_नोंदवतो

मूळ लेखातील ‘सगळ्यांनी एकत्र पाहावा’ या अपेक्षेविषयीच मला शंका आहे. हा खेळ सगळे एकत्र पाहत होते हे खरे. पण तो बालसुलभ होता म्हणून नव्हे. आंध्रच्या तोलु बोम्मलाटात, म्हणजे तिकडच्या चामडी बाहुल्यांच्या खेळात, रामकथेच्या मध्येच जुट्टुपोलिगाडू आणि बंगारक्का हे जोडपे येते आणि त्यांची भांडणे, शिव्या व चावट बोलणे यांवर गाव हसते. तुर्कस्तानातील काराग्योझ हा छायाखेळ रमजानच्या रात्री कॉफीघरांत होत असे आणि त्यात अधिकाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणाचीही खिल्ली उडवली जाई. पुढे त्याला धुऊनपुसून मुलांपुढे ठेवण्यात आले आणि त्यातला दंश गेला. आपणही कौटुंबिक करण्याच्या नादात तेच करणार असू, तर त्यापेक्षा मुलांना हाताच्या सावलीचा ससा दाखवावा. त्यात निदान प्रामाणिकपणा आहे.

दोन_मुलांची_आई

आपण म्हणता ते मोठ्यांच्या बाजूने बरोबर आहे, परंतु मुलांना विनोद कळत नाही म्हणून त्यांचा रस जातो, असा माझा अनुभव नाही. आम्ही असा खेळ पाहिला तेव्हा माझ्या मुलीला जोडप्याच्या भांडणातले शब्द कळले नाहीत. एकीने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातली एवढे कळले आणि ती त्यावर मनसोक्त हसली. एकच प्रसंग आजी एका कारणाने आणि नात दुसऱ्याच कारणाने पाहते, यात बिघडले काय?

अडचण वेगळी आहे, ती भीतीची. धाकटा चार वर्षांचा आहे. पडद्यावर राक्षसाचे तोंड उघडल्याबरोबर त्याने माझ्या पदरात डोके खुपसले आणि मग संपूर्ण खेळभर ‘गेला का?’ एवढेच विचारत राहिला. शेवटी एका कलाकार काकांनी त्याला पडद्यामागे नेऊन तोच राक्षस हातात दिला. त्याचे वजन पुस्तकाच्या पुठ्ठ्याइतकेही नाही, हे कळल्यावर तो परत पुढे येऊन बसला आणि शेजारच्या मुलांना राक्षसाच्या जबड्याचा दोरा कुठे आहे ते समजावू लागला. म्हणून माझी सूचना अशी की, पडद्याच्या मागच्या बाजूलाही थोडी जागा सोडावी.

नाट्यवेडा_४१६

पडद्यामागे प्रेक्षक बसवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. मग पडदा कशासाठी? दोरा दिसला की राक्षस संपला.

पोथीवाला

नाट्यवेडा, जावा बेटावरील वायांग कुलित या छायाखेळात प्रेक्षक दोन्ही बाजूंना बसतात. एका बाजूने सावल्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूने दलांग, म्हणजे सूत्रधार, त्याचा वाद्यवृंद आणि म्हशीच्या कातड्याच्या रंगवलेल्या बाहुल्या दिसतात. सेमार आणि त्याची मुले ही त्यांची विदूषक मंडळी आहेत आणि खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. एवढ्या शतकांत तिथला राक्षस काही संपलेला नाही.

तेथील एक युक्ती आपल्याला जशीच्या तशी उचलता येईल. पडद्याच्या तळाशी केळीचा बुंधा आडवा ठेवलेला असतो. ज्या पात्राचे काम त्या क्षणी नाही, त्याची काठी त्या बुंध्यात खोचून उभी केली की हात मोकळा होतो. कोल्हापुरात सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे खुंट सहज मिळतात. तेव्हा ही सोय फुकटात होण्यासारखी आहे.

नाट्यवेडा_४१६

केळीच्या बुंध्याला मान्यता देतो. मागच्या प्रेक्षकांविषयीचे मत राखून ठेवतो.

सुभाषनगरचा_कारागीर

कातड्याविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. आमच्या घरात पिढ्यानुपिढ्या चपलेचे काम चालते. कोल्हापुरात कातडे मुबलक आहे, तेव्हा बाहुल्यांसाठी येथूनच घ्यावे, असे कोणालाही वाटेल, पण ते कातडे उपयोगाचे नाही. चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावलेले असते. त्याने ते तांबूस, जाड आणि टिकाऊ होते. मात्र दिव्यासमोर धरले तर त्यातून काहीही दिसत नाही. बाहुलीला लागते ते न कमावलेले, बहुधा शेळीचे कातडे. ते भिजवून, केस व आतील पापुद्रा खरवडून, ताणून वाळवले की तेल लावलेल्या कागदासारखे आरपार उजेड देते आणि मग त्यावर चढवलेला रंग पडद्यावर रंग म्हणूनच उमटतो.

पूर्वी काही प्रांतांत हरणाचे कातडे वापरत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. हौशी मंडळींनी कातड्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे, कारण न कमावलेले कातडे दमट हवेत वाकते, त्याला वास येतो आणि उंदीर ते सोडत नाहीत. जुनी क्ष-किरण फिल्म कोमट पाण्यात भिजवून, पुसून स्वच्छ करावी, तिच्यावर रंगीत जिलेटिन कागद चिकटवावा आणि नक्षीसाठी मोचीकामातला पंच वापरावा. पंच मी देईन. काठ्यांसाठी बांबूच्या कामट्या बऱ्या पडतात.

मतभेद_नोंदवतो

कारागीर दादा, फार उपयुक्त माहिती दिलीत. एक पुरवणी जोडतो. ओडिशातील रावणछाया या छायाखेळात बाहुल्यांना रंगच नसतो. त्या एकाच तुकड्याच्या असतात, हातपाय सुटे हलत नाहीत, आणि तरीही केवळ पडद्याजवळ नेण्या-आणण्याने त्यांच्यात प्राण येतो. उलट आंध्रच्या बाहुल्या माणसाएवढ्या उंचही असतात आणि त्यांचे खांदे, कोपर, गुडघे सुटे हलतात. नवख्यांनी आंध्रच्या मागे लागू नये, ओडिशाचा कित्ता गिरवावा. चार सांधे असलेली बाहुली नवख्या हातात आली की ती नाचत नाही, आचके देते.

रंकाळा_संध्याकाळ

रावण कोण चालवणार, यावर आमच्या मंडळात आधी तीन सभा होतील. राम कोणालाही चालतो.

निवृत्त_शिक्षिका

कलाकारांना बोलवायचे असेल तर एक कटू अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात अशाच एका पथकाला बोलावले होते. मंडळी दुपारपासून पडदा बांधून बसली. पाहुण्यांची भाषणे लांबली, खेळाला वीस मिनिटे मिळाली आणि तीही सभागृहातील दिवे चालू ठेवून, कारण छायाचित्रकाराला उजेड हवा होता. पडद्यावर अर्थातच काही दिसले नाही. निघताना ठरलेल्या मानधनातून ‘वेळ कमी झाला’ म्हणून रक्कम कापण्यात आली. आम्ही शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून ती भरून दिली, परंतु त्या ज्येष्ठ कलाकाराने बाहुल्या एकेक करून पेटीत ठेवताना आमच्याकडे पाहिलेही नाही.

म्हणून राजारामपुरीकरांना विनंती आहे की, कलाकार येणार असतील तर त्या रात्री दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये, सत्कार करू नयेत, मानधन व प्रवासखर्च आधी ठरवून हाती द्यावा आणि दूध खेळानंतर वाटावे. पेले वाजू लागले की शब्द ऐकू येत नाहीत.

जुना_पेठकर

सत्काराशिवाय कार्यक्रम? बाई, आपण कोल्हापुरातच राहता ना?

त्रिचूरहून_परतलेला

वेळेच्या प्रश्नावर लिहितो. नोकरीनिमित्त काही वर्षे केरळात होतो. तेथील तोलपावकूत्तु हा चामडी बाहुल्यांचा छायाखेळ भद्रकालीच्या देवळाबाहेर खास बांधलेल्या कूत्तुमाडात, म्हणजे खेळाच्या मंडपात, होतो. कंब रामायण, म्हणजे कंबन कवीचे तमिळ रामायण, 7, 14, 21 अशा रात्री आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक रात्री चालते. लांबलचक पडद्यामागे 21 दिवे एका ओळीत लावलेले असतात. मी पाहिले तेव्हा समोर पाचसहा माणसे होती, त्यांतली दोन झोपलेली. तरी कलाकार शब्दही न गाळता खेळत होते, कारण खरी प्रेक्षक देवी आहे. दारिकासुराशी लढण्यात गुंतल्यामुळे तिला राम-रावण युद्ध पाहता आले नाही, म्हणून ते तिला दरवर्षी दाखवायचे, अशी श्रद्धा आहे. याच परंपरेतील के. के. रामचंद्र पुलवर यांनाही 2021 सालीच पद्मश्री मिळाली.

हे सांगण्याचे कारण असे की, ‘मूळ खेळ रात्रभर चाले, आपण तो अर्ध्या तासात कसा बसवू?’ ही चिंता येथे लागू पडत नाही. तिकडची लांबी देवीसाठी आहे. आपल्याला संपूर्ण रामायण आटवून अर्ध्या तासाच्या पातेल्यात बसवायचे नाही. एक प्रसंग घ्यावा आणि तो निवांत रंगवावा.

चित्रनगरी

बाबूराव पेंटरांच्या गावात ही चर्चा चालली आहे म्हणून राहवत नाही. कापडावर हलणाऱ्या आकृती पाहायला अंधारात बसण्याची सवय आपल्या लोकांना चित्रपटाने लावली नाही, ती आधीचीच होती. कल्याणच्या पटवर्धनांनी 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे खेळ गावोगाव नेले, त्याच्याही मागे चित्रकथी आणि चामडी बाहुल्या होत्याच.

भौतिकशास्त्रवाले_सर

चित्रनगरी, एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. चित्रपटात उजेड प्रेक्षकांच्या पाठीमागून येतो आणि यंत्र निघून गेलेला क्षण दाखवते. येथे उजेड समोरून येतो आणि पडद्यापलीकडे एक माणूस त्याच क्षणी आपले हसणे ऐकत असतो. मूल रडू लागले तर तो राक्षसाला शिंक आणू शकतो.

प्रसंगाविषयी माझी सूचना सुरसेची आहे. हनुमान समुद्र ओलांडत असताना सुरसा वाट अडवते. ती तोंड मोठे करते, हा अंग मोठे करतो, ती आणखी मोठे करते आणि शेवटी हा अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर येतो. सावलीच्या खेळासाठीच जणू हा प्रसंग रचला आहे. बाहुली दिव्याकडे नेत नेत हनुमान वाढवावा आणि एका झटक्यात कापडाला टेकवून लहान करावा. युद्ध नाही, कोणी मरत नाही, सुरसाही शेवटी आशीर्वाद देते; त्यामुळे चार वर्षांच्या प्रेक्षकाचीही सोय झाली.

कुडाळची_लेक

सर, प्रसंग उत्तम आहे, पण परंपरेने खेळणारे बहुधा बाहुली कापडाला टेकवूनच चालवतात, कारण रंग आणि नक्षी तेव्हाच स्पष्ट दिसते. दिव्याकडे नेलेला हनुमान मोठा होईल, पण त्याचे दागिने पुसट होतील. जुन्या संचांत म्हणूनच एका पात्राच्या लहान-मोठ्या आकारांच्या वेगवेगळ्या बाहुल्या ठेवलेल्या आढळतात.

भौतिकशास्त्रवाले_सर

मान्य. मग मोठ्या हनुमानासाठी तपशील नसलेली, काळी बाहुली वापरावी आणि पडद्यावर आल्यावर रंगीत. वाढताना तो सावली असावा आणि लहान होताच रंगात यावा.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीपुढे हा सारा धागा वाचून दाखवला. ठरले ते असे : या कोजागिरीला आम्ही स्वतः सुरसेचा एकच प्रसंग करणार आहोत. फिल्मच्या बाहुल्या, एक दिवा आणि केळीचा बुंधा यांवर एकमत झाले. मोठ्यांचा वेगळा कार्यक्रम रद्द झाला आहे. हनुमान आणि सुरसा यांची समुद्रावरची वादावादी ठसठशीत कोल्हापुरीत होईल. त्यामुळे ‘मतभेद_नोंदवतो’ यांना हवा असलेला दंश थोडाफार येईल, अशी आशा आहे. मुलांना खेळ संपल्यावर पडद्यामागे सोडायचे, खेळ चालू असताना नाही, अशी तडजोड नाट्यवेडा यांच्यासाठी केली आहे.

पिंगुळीच्या कलाकारांना दिवाळीनंतर स्वतंत्र रात्र देऊन बोलवावे आणि कथा त्यांनीच निवडावी, असाही निर्णय झाला. निवृत्त शिक्षिकाबाईंच्या अटी शब्दशः निमंत्रणपत्रात घातल्या आहेत. आता फक्त पडद्याचा प्रश्न उरला आहे. बाजारातील पांढरी चादर जाड पडते, तिच्यातून उजेड येत नाही.

निवृत्त_शिक्षिका

जुने, पुष्कळदा धुतलेले सुती धोतर घ्यावे. नव्या कापडाला खळ असते.

जुना_पेठकर

वडिलांचे धोतर मी देतो. समुद्राच्या मध्यावर सुरसेने ते फाडू नये, एवढी काळजी समितीने घ्यावी.